बैलघोड्यातली मांजर

परळला उतरून ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणा, कुणीही वाट दाखवील. खरं नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचं इस्पितळ. १८८३ सालचं. गाड्यांचे बैल, घोडे इथं उपचाराला येत, त्यावरून लोकांनी ठेवलेलं नाव टिकलं. आता गर्दी जास्त ती कुत्र्या-मांजरांची.

तिथलं एखादं बेवारशी जनावर घरी आणायचं मनात असेल, तर पिंजऱ्यापुढे दोन घटका उभ्या राहा. धावत येणारं पिल्लू सगळ्यांनाच हवं असतं. पाठ फिरवून बसलेल्या थोराड मांजरीला कोण विचारतो? पण पिंजऱ्यातला स्वभाव तो खरा नव्हे, बरं का! निम्मी भीतीच असते ती.

घरी आणलीत की ती कपाटाखाली शिरेल. कुकरच्या शिट्टीनं आणखी आत जाईल. सासूबाई म्हणतील, “परत नेऊन दे बाई.” कसोटी इथंच. एकदा टाकलेल्या जिवाला पुन्हा टाकायचं?

तिला एक शांत खोली द्या. एक खोका, वाळूचं घमेलं, पाणी. ओढून काढू नका. जवळ बसून तांदूळ निवडा. दुधाची वाटी मात्र नको, बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही. काटे काढलेली उकडलेली मासळी चालेल. दुसऱ्या दिवशीही उपाशीच राहिली, तर डॉक्टरांना दाखवा. दारं-खिडक्या काही आठवडे सांभाळा.

मग एका रात्री ओटा पुसताना पायाला काहीतरी मऊ घासून जाईल. लगेच खाली वाकू नका हं, ओटा पुसत राहा.