ध्वनिक्षेपकाचें चित्र
लेकीनें पत्त्यांचा एक खेळ रचला आहे. त्यांतील एका पत्त्यासाठीं ध्वनिक्षेपक काढण्याची कामगिरी तिनें मजवर सोपविली. टॅब्लेटच्या कांचेवर लेखणी फिरवून मीं शूअर कंपनीचा १९३९ सालचा ‘युनिडाइन’ रेखाटला : रुपेरी कवच आणि त्यावर उभ्या पट्ट्या. पट्टी वांकडी झाली कीं पुसावी, पुन्हां ओढावी. कागद फाटण्याचें भय नाहीं, ही केवढी सोय!

“बाबा, ही तर किसणी!” लेक म्हणाली.

मी हंसलों, पण मनांतून खट्टू झालों. तीस वर्षें वर्गांत ओरडून बसलेला माझा घसा हल्लीं ह्याच यंत्राच्या आधारानें तास निभावतो. थोड्या वेळानें तिनें चित्राखालीं त्या पत्त्याचें सामर्थ्य लिहिलें : ‘दुबळ्या आवाजास दुप्पट बळ.’

मीं तिसरी पट्टी पुसून पुन्हां ओढली.