आपल्याच माणसांविरुद्ध लिहिताना

टॉसन, मेरीलँड

चि. निखिल,


तुझं पत्र मिळालं. त्या वेबसाइटवर उपसंपादकाची नोकरी घेऊ का, असं विचारलंस आणि त्याच दमात, मी उजव्या विचारांचा आहे याचं तुला वाईट वाटतं का मावशी, असंही. नाही वाटत. माणसाला मत असावं आणि ते त्याने उघड सांगावं. पत्रकाराने तर सांगावंच. तुझा खरा प्रश्न पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे: आपल्याच बाजूचे लोक चुकले तर तसं लिहिता येईल का? त्यावर तुला एका इथल्या माणसाबद्दल सांगते. त्याला मी बरीच वर्षं वाचत आले आहे आणि त्याची मतं मला अनेकदा पटलेली नाहीत. जोना गोल्डबर्ग, उजव्या विचारांचा पत्रकार.

आमच्या गावातलं गाउचर कॉलेज पूर्वी फक्त मुलींचं होतं. तिथे मुलांना प्रवेश सुरू झाला, तेव्हाच्या अगदी पहिल्या मुलांपैकी हा. १९९१ साली त्याने पदवी घेतली, नंतर तो वॉशिंग्टनला गेला आणि अमेरिकन एंटरप्राइझ इन्स्टिट्यूट या अभ्याससंस्थेत बेन वॉटनबर्ग यांच्या हाताखाली कामाला लागला. पुढे त्यांच्याच टीव्ही कार्यक्रमाची निर्मितीही त्याने केली. वडील वृत्तपत्रांना मजकूर पुरवणाऱ्या संस्थेत संपादक, आई लुसिअॅन साहित्यिक एजंट. म्हणजे छापील शब्दावरच चालणारं घर.

या आईमुळेच त्याचं नाव पहिल्यांदा लोकांच्या कानावर गेलं. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्याशी संबंध असलेल्या मोनिका लेविन्स्कीशी होणारी फोनवरची बोलणी टेप करून ठेव, असा सल्ला तिची सहकारी लिंडा ट्रिप हिला लुसिअॅन गोल्डबर्ग यांनीच दिला होता. ट्रिप आमच्या मेरीलँडमधल्या कोलंबिया गावी राहायची. समोरच्याची संमती नसताना फोन ध्वनिमुद्रित करणं या राज्यात गुन्हा आहे, म्हणून तिच्यावर खटलाही झाला. तो २००० साली मागे घेतला गेला. १९९८ च्या जानेवारीत प्रकरण फुटलं तेव्हा पत्रकार आईच्या दारात ठिय्या देऊन बसले आणि मुलगा तिची बाजू मांडू लागला. अशी सुरुवात झालेला माणूस जन्मभर क्लिंटनविरोधावरच पोट भरू शकला असता. तसे पुष्कळजण होते, आजही आहेत.

त्याच वर्षी तो 'नॅशनल रिव्ह्यू'मध्ये गेला. विल्यम बकली यांनी १९५५ मध्ये काढलेलं हे नियतकालिक म्हणजे अमेरिकन उजव्यांचं माहेरघर. भाषा भारदस्त, वाक्यं लांब, वाचक वयस्क. त्याच्या वेबसाइटचा हा पहिला संपादक. तेव्हा छापील मासिकांच्या वेबसाइट म्हणजे बहुतेक छापून झालेल्या लेखांची साठवण असे. गोल्डबर्गने तिला स्वतःचा आवाज दिला. त्याच्या 'गोल्डबर्ग फाइल' या सदरात राज्यघटनेवरचा युक्तिवाद चालू असताना मध्येच 'सिम्पसन्स'मधला प्रसंग यायचा, 'स्टार ट्रेक' यायचं, त्याचा कुत्रा कॉस्मो यायचा, घरातला सोफासुद्धा त्याच्याशी बोलायचा. मग 'द कॉर्नर' सुरू झालं. तिथे एकाच नियतकालिकातले संपादक दिवसभर छोट्या छोट्या नोंदींतून एकमेकांशी वाद घालत, आणि तो वाद वाचकांसमोर घडे. मला त्याचं फार अप्रूप वाटायचं. आमच्या काळी संपादकीय बैठकीतली भांडणं दाराआड व्हायची आणि अग्रलेख मात्र एका सुरात छापून यायचा.

आता २००१ सालाकडे येते, कारण तुझ्या प्रश्नाचा पहिला तुकडा तिथे आहे. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर दोन दिवसांनी अॅन कोल्टर या प्रसिद्ध लेखिकेचा लेख या साइटवर आला. मुस्लिम देशांवर चाल करून जावं, त्यांचे नेते मारावेत आणि लोकांना ख्रिस्ती करावं, असा त्याचा रोख होता. हल्ल्यात तिची मैत्रीण गेली होती, हे खरं. तरीही तो लेख छापायला नको होता, असं मी आजही म्हणेन. टीका झाली तेव्हा तिने उत्तरादाखल दुसरा लेख पाठवला. संपादकांनी तो सुधारून मागितला आणि तिने टीव्हीवर जाऊन सेन्सॉरशिपची ओरड केली. तिचं सदर बंद झालं. गोल्डबर्गने ते का बंद केलं हे सगळं साइटवर सविस्तर लिहिलं. कोल्टर त्याच्या बाजूची, लोकप्रिय, भरपूर वाचक खेचणारी. मजकूर सुधारून मागणं म्हणजे मुस्कटदाबी नव्हे, हे त्याने स्वतःच्या वाचकांना समजावून सांगितलं.

त्याचं पुस्तक मात्र मला कधीच पटलं नाही. २००८ मध्ये 'लिबरल फॅसिझम' आलं, मुखपृष्ठावर हसऱ्या चेहऱ्याला हिटलरची मिशी. न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर गेलं. फॅसिझमचं मूळ डाव्या विचारात आहे आणि अमेरिकन पुरोगामी त्याच कुळातले, हा त्याचा सिद्धान्त. रॉबर्ट पॅक्स्टनसारख्या या विषयाच्या जाणत्या इतिहासकाराने त्यावर कडक टीका केली आणि ती मला योग्यच वाटते. राज्यसंस्थेची वाढ ही एकच खूण पकडून इतकी वेगवेगळी माणसं एका दावणीला बांधता येत नाहीत. हे तुला मुद्दाम सांगते, कारण मी त्याची आरती ओवाळतेय असं तुला वाटायला नको.

खरी परीक्षा पुढे होती. २०१६ च्या जानेवारीत 'नॅशनल रिव्ह्यू'ने ट्रम्प यांच्याविरुद्ध आख्खा अंक काढला. अग्रलेखासोबत २२ उजव्या विचारवंतांची टिपणं होती. रिपब्लिकन पक्षाने लगेच उमेदवारांच्या एका वादसभेच्या यजमानपदातून या नियतकालिकाला वगळलं. तिथला ज्येष्ठ संपादक असलेला गोल्डबर्ग त्याआधीपासूनच ट्रम्पविरोधात लिहीत होता. वडील ज्यू असल्यामुळे त्याच्यावर ज्या यहुदीद्वेष्ट्या शिव्यांचा मारा झाला, तो करणारे स्वतःला त्याच्याच बाजूचे म्हणवत होते. उमेदवार जिंकल्यावर एकेक जण नरम पडत गेला. हा पडला नाही. कर, न्यायाधीश, गर्भपात यांवरची त्याची मतं उजवीच राहिली. हा फरक नीट लक्षात घे: त्याने बाजू बदलली नाही, नेत्याचं खोटं चालवून घ्यायला नकार दिला.

आणि नकाराला पैसा लागतो, निखिल. 'वीकली स्टँडर्ड' हे उजवं साप्ताहिकही ट्रम्पविरोधी होतं. मालकाने २०१८ च्या डिसेंबरात ते बंदच करून टाकलं. त्याचा संपादक स्टीफन हेज आणि 'नॅशनल रिव्ह्यू' सोडलेला गोल्डबर्ग यांनी टोबी स्टॉकना सोबत घेऊन २०१९ मध्ये 'द डिस्पॅच' सुरू केलं. आधी ईमेलने जाणारी वार्तापत्रं, मग पूर्ण साइट. वर्गणी तेव्हा महिन्याला १० डॉलर, वर्षाला १०० होती. भर वर्गणीवर होता. जाहिरातीवर जगणाऱ्या साइटला दर तासाला क्लिक लागतात, आणि संतापासारखं क्लिक मिळवून देणारं दुसरं काही नाही. वर्गणीदारही आपल्या मनासारखं मागतोच, पण तो निदान सकाळच्या एका मथळ्यावर ठरत नाही.

चुका तिथेही झाल्या. २०२० च्या ऑक्टोबरात, निवडणूक तोंडावर असताना, एका गर्भपातविरोधी संघटनेच्या जाहिरातींमधल्या दाव्यांची तपासणी त्यांनी प्रसिद्ध केली. मागाहून सांगावं लागलं की तो कच्चा मसुदा होता, संपादन व्हायच्या आत चुकून बाहेर गेला. मजकूर मागे घेतला. आपल्या बाजूच्या संघटनेची जाहिरात तपासायला घेतली, हे उत्तमच. पण दुसऱ्या नजरेखालून न गेलेला मजकूर वाचकाच्या हाती पडला, हे वाईट. उपसंपादक म्हणून तू नेमका त्याच जागी उभा राहणार आहेस.

शेवटचा प्रसंग टकर कार्लसनचा. गोल्डबर्गसारखाच १९६९ चा जन्म, आणि हेजसारखा 'वीकली स्टँडर्ड'मध्ये घडलेला. २००९ मध्ये उजव्या कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात त्याने सांगितलं होतं की न्यूयॉर्क टाइम्स डावा असेल, पण तिथली माणसं अचूकतेची पर्वा करतात, आपणही तशा संस्था उभ्या कराव्यात. श्रोत्यांनी हुर्यो उडवली. पुढच्याच वर्षी त्याने 'डेली कॉलर' ही वृत्त-साइट काढली, नंतर फॉक्स न्यूज वाहिनीचा सगळ्यात मोठा निवेदक झाला, आणि २०२१ च्या नोव्हेंबरात त्याच वर्षी ६ जानेवारीला अमेरिकन संसदेवर झालेल्या हल्ल्यामागे सरकारी यंत्रणेचाच डाव होता, असं सुचवणारी तीन भागांची मालिका त्याने केली. गोल्डबर्ग आणि हेज २००९ पासून फॉक्सवर पगारी भाष्यकार होते. दोघांनी राजीनामा दिला आणि कारण लिहून प्रसिद्ध केलं. हुर्यो ऐकून एकाने श्रोत्यांना हवं ते द्यायचं ठरवलं. दुसऱ्याने हातची कमाई सोडली. मला कार्लसनचा राग येतो तो त्याच्या मतांमुळे नाही. काय खरं, काय योग्य, हे त्याला ठाऊक होतं, म्हणून येतो.

'डिस्पॅच' अजून चालू आहे. २०२५ मध्ये त्यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या कामकाजाचं वार्तांकन करणारी 'स्कॉटसब्लॉग' ही साइट विकत घेतली, म्हणजे व्यवहारही बुडालेला नाही.

तेव्हा मुलाखतीला जरूर जा. पगार, रजा, कामाची वेळ हे सगळं विचारून झालं की संपादकांना एक प्रश्न विचार: आपले वाचक ज्यांना मानतात, अशा नेत्याच्या विरोधातली पक्की बातमी तुम्ही शेवटची कधी लावलीत? त्यांनी बातमी काढून दाखवली तर नोकरी घे. विषय बदलला तर घेऊ नकोस, आणि घरभाड्याची काळजी न करता मला फोन कर.

तुझी,
मावशी