जुगाराचा गुन्हेगार कोण?

परभणी, गंगाखेड, पूर्णा, जिंतूर. कुठल्याही नाक्यावर टपरीच्या आड आकड्याच्या चिठ्ठ्या फाडल्या जातात आणि पेपरात अधूनमधून तीच बातमी येते: कलम १२ (अ), रोख रक्कम व साहित्य जप्त, एका इसमावर गुन्हा दाखल. तो इसम बहुतेक वेळा कमिशनवर चिठ्ठी लिहिणारा पोरगा असतो. ज्याच्या खिशात दिवसाचा गल्ला जातो, त्याचे नाव क्वचितच छापून येते.

मटक्याचा जन्मच कापसाच्या भावातून झाला. न्यूयॉर्कच्या बाजारातले कापसाचे उघडते आणि बंद होणारे भाव मुंबईत यायचे, त्यांवर पैजा लागायच्या. ते थांबल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी नुसत्या आकड्यांचा धंदा उभा केला. 'ओपन' आणि 'क्लोज' तिथूनच आले. मानवत-सेलूच्या रानात आमच्या आयाबाया दिवसभर कापूस वेचतात आणि संध्याकाळी त्याच घरातली मजुरी आकड्यात जाते. याहून क्रूर थट्टा कोणती?

वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही एकच साखळी पुन्हा पुन्हा पाहतो. आधी स्वतःची मजुरी जाते. मग बायकोच्या बचत गटाचा हप्ता. मग मुकादमाकडून घेतलेली ऊसतोडीची उचल. हरलेले एका दमात परत मिळवायचे म्हणून दुप्पट लावले जातात, त्यासाठी सावकार गाठला जातो आणि सावकाराचा तगादा सुरू झाला की हात दुसऱ्याच्या वस्तूकडे वळतो. असाच एक पोरगा शेतातली पाण्याची मोटार उचलताना सापडला. गावाने त्याच्या कर्जाची चौकशी केली नाही, सरळ जात काढली. एकाने चोरी केली आणि चोर ठरली अख्खी वस्ती!

जागतिक आरोग्य संघटनेने जुगाराच्या व्यसनाची नोंद आजार म्हणून केली आहे. आजार आहे म्हणून चोरी माफ होत नाही. ज्याची मोटार गेली तोही बहुधा कर्जबाजारी शेतकरीच असतो. पण आजाऱ्याला फक्त कोठडी दाखवली तर तो बाहेर येऊन पुन्हा आकडाच लावणार, हे कळायला फार शहाणपण लागत नाही.

आता कायदा बघा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ ने टोळीतून चालणारा बेकायदा जुगार चोरी आणि हिसकावणे यांच्याच रांगेत बसवला आहे. शिक्षा १ ते ७ वर्षे. शे-दोनशे रुपयांसाठी चिठ्ठ्या लिहिणाऱ्या आपल्या पोराला हे कुणी सांगितले आहे का? उलट ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, तेव्हा खेळणाऱ्याला शिक्षा ठेवली नाही. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड ठेवला. मोबाईलवर हरणारा पीडित, मग नाक्यावर हरणारा मजूर आरोपी का?

आपल्याकडे तर याचा विचार अडीच हजार वर्षांपूर्वीच झाला आहे. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी जुगाराचे सहा तोटे सांगितले: जिंकणाऱ्याला वैर, हरणाऱ्याला शोक, धनाचा नाश, सभेत शब्दाला किंमत नाही, मित्रांत अपमान आणि सोयरीक जुळत नाही. यातला चौथा तोटा कार्यकर्त्यांनी नीट वाचावा. ज्या तरुणाचा शब्द सभेत चालत नाही, तो हक्कासाठी उभा कसा राहणार? त्याला आकड्यात गुंतवून ठेवणे प्रस्थापितांच्या सोयीचेच आहे.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. पोलीस ठाण्यात निवेदन देताना चिठ्ठीवाल्यावर थांबू नका, अड्ड्याचा मालक कोण याचा तपास मागा. मटक्याच्या पैशाला भीमजयंतीच्या वर्गणीत आणि बॅनरवर जागा देऊ नका. ज्याच्या पैशाने आपल्या आईचा हप्ता बुडतो, त्याचा फोटो बाबासाहेबांच्या फोटोशेजारी लागता कामा नये. आणि व्यसनात सापडलेल्या भावाला शिव्या देण्याआधी त्याच्याजवळ बसा, त्याच्या कर्जाचा हिशेब कागदावर मांडा, टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन लावून द्या, गरज पडल्यास दवाखान्यात सोबत जा.

शिकलेल्या, संघटित समाजाचे पहिले काम आपला माणूस वाचवणे हे आहे. तो कोठडीत जाण्याआधी वाचवायचा.

जय भीम!