दहा रुपयांची अमानत

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेले, तेव्हा अहमदनगरच्या आमच्या मुकुंदनगरमधली मुले मदतीचा डबा घेऊन कापडबाजारात निघाली. अब्बांनी थांबवले, ‘आधी धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढा.’ मुले रागावली, ‘लोक बुडताहेत आणि आम्ही कागद करत बसायचे?’

राग खरा होता. पण नोंदणी नसलेल्यांनी वर्गणी गोळा करण्यापूर्वी परवानगी घ्यावी, नंतर हिशोब द्यावा, असे महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याचे कलम ४१ क सांगते. गणेश मंडळेही हाच अर्ज करतात. कागद हाती आल्यावरच डबा निघाला.

डब्यात दहा रुपये टाकणारी मजूर बाई पावती मागत नाही. म्हणूनच ते दहा रुपये अमानत आहेत. सदक्याचा हिशोब अल्लाहला ठाऊक असतोच. तो माणसांनाही दाखवता आला पाहिजे.