राखीच्या दिवशीचे सिंदखेड



राखीपौर्णिमेला आपल्याकडे शेवयांची खीर का, हे सुनेने विचारलं. विष्णुकुमार मुनींची कथा सांगितली. बळी मंत्र्याने राजाकडून सात दिवसांचं राज्य मागून घेतलं आणि अकंपनाचार्यांसह सातशे मुनींभोवती आग पेटवली. उपसर्ग टळला, पण धुराने मुनींचे घसे पोळले होते. म्हणून आहाराला मऊ शेवया. सांगता सांगता मला आपलं सिंदखेड राजा आठवलं.

लखुजीराव जाधव निजामशाहीतले मोठे सरदार, जिजाऊंचे वडील. आपण त्यांना तेवढंच ओळखतो. पण त्या दरबारात मोठेपण टिकवणं किती अवघड होतं! एकदा दरबार सुटताना खंडागळे सरदारांचा हत्ती बिथरला. त्याला आवरण्यावरून जाधव आणि भोसले एकमेकांवर धावले. लखुजींचा मुलगा दत्ताजी पडला, भोसल्यांकडचा संभाजी पडला. संभाजी म्हणजे शहाजीराजांचा चुलतभाऊ, आणि बखरी सांगतात त्याला मारलं ते खुद्द लखुजींनी. हत्तीपायी दोन्ही घरांत सुतक. जिजाऊंनी कोणत्या घरचं धरायचं? पुढे १६२४ साली भातवडीच्या लढाईत शहाजीराजे निजामशाहीकडून, तर वडील मोगलांकडून.

लखुजी नंतर निजामशाहीत परतले. २५ जुलै १६२९ रोजी देवगिरीच्या किल्ल्यात मुजऱ्यासाठी गेले आणि दग्याने मारले गेले. सोबत अचलोजी आणि रघोजी ही दोन मुलं, आणि यशवंतराव हा नातू. यशवंतराव त्याच दत्ताजीचा मुलगा. तिथी होती श्रावण पौर्णिमा.

बायांनो, राखीच्या दिवशी दोन भाऊ! आणि जिजाऊ तेव्हा गरोदर होत्या. सातच महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १६३० ला शिवनेरीवर शिवबा जन्मले.

सिंदखेडला लखुजींची ती प्रचंड समाधी आपण १२ जानेवारीच्या गर्दीत बाहेरूनच बघून येतो. एकदा आत जा. त्यांच्याबरोबर मारल्या गेलेल्या मुलानातवाच्याही समाध्या तिथेच आहेत. मला तिथे उभं राहवलं नाही.

पण एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. सासऱ्याशी एवढं वैर झालेले शहाजीराजे ही बातमी कळल्यावर निजामशाही सोडून निघाले. राजकारणही असेलच त्यात, मी काही इतिहासाची बाई नाही. पण सासुरवाडीच्या माणसांसाठी आपला नवरा उठला, हे जिजाऊंनी पाहिलं असेल ना?

हे लिहायचं कारण सांगते. आमच्या ह्यांचं आणि माझ्या भावाचं भागीदारीच्या हिशोबावरून बिनसलं, त्याला सहा वर्षं झाली. दोघंही क्षमावाणीच्या दिवशी गावभर हात जोडतात, एकमेकांना सोडून. माझी राखी कुरिअरने जाते. दोन्ही घरं माझीच, म्हणून मी दोन्हीकडे गप्प.

यंदा पाकीट आणलं, पण त्यावर पत्ता घातला नाही. खीर थोडी जास्तच केली. ह्यांना वाढताना लखुजींची सगळी हकीकत सांगितली, हत्तीपासून. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "डबा घट्ट लाव, सांडेल गाडीत."