नळीतला उजेड

आबांच्या हातातली बंदूक मला नेहमी उघडीच आठवते. डाव्या कोपरावर अडकवलेली, मधोमध वाकलेली, दोन्ही नळ्या जमिनीकडे झुकलेल्या. दावणीला मान टाकून उभ्या असलेल्या गुरासारखी. आमच्या काजूच्या बागेत वानर-केळड्यांचा त्रास फार. पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची ही १२ बोअरची दुनळी त्यासाठीच होती. हवेत एक बार काढला की टोळी ओढ्यापलीकडे जाई. पण त्या एका बारासाठी आबा जेवढ्या निगुतीनं वागत, तेवढ्या निगुतीनं दुसरं काही करताना मी त्यांना पाहिलं नाही.

कपाटाचं कुलूप काढायचं, बंदूक उचलायची आणि उचलताक्षणी कळ सरकवून उघडायची. काडतुसं वेगळ्या फडताळात, वेगळ्या किल्लीखाली. मग नळ्या दारातल्या उजेडाकडे धरून ते मला बोलवत, "बाय, बघ." मी डोळा लावायची. आत उजेडाची वर्तुळं एकात एक ओवलेली असत, आणि थेट टोकाला अंगणातल्या तुळशीचा हिरवा ठिपका. एका मे महिन्यात डाव्या नळीत तो ठिपकाच नव्हता. कपाटाच्या फटीतून शिरलेल्या कुंभारीण माशीनं आत मातीचं घर बांधलं होतं. बोटाच्या पेराएवढी माती. पण छर्रे तिच्यावर आदळले असते तर नळी डाव्या हाताजवळच फुटली असती. आबांनी गजानं हलकेच ती माती बाहेर काढली आणि बराच वेळ हातात धरून बसले.

माझा सगळा विश्वास मात्र त्या खटक्यावर होता. कळीच्या मागे, अंगठ्याखाली येणारी छोटी पट्टी. बंदूक उघडली की ती आपोआप मागे सरके. मला वाटायचं, ती मागे आहे तोवर काही होणं शक्यच नाही. एवढी मोठी वस्तू एवढ्याशा पट्टीनं मुकी होते याचं मला अप्रूप होतं. मी ते बोलून दाखवलं तेव्हा आबा म्हणाले, "तो चाप अडवतो. घोडा नाही अडवत."

याचा अर्थ मला खूप उशिरा कळला. जुन्या बंदुकांचे घोडे बाहेर असत. चढवलेला घोडा शेजारच्यालाही दिसे. १८७५ साली बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कारखान्यातल्या अँसन आणि डीली यांनी जी रचना केली, तिच्यात घोडे लोखंडी पेटीच्या पोटात गेले आणि नळ्या उघडताना आपोआप चढू लागले. बंदूक देखणी झाली, पण तिच्या मनात काय आहे ते बाहेरून कळेनासं झालं. आत चढलेल्या घोड्याला धरून ठेवतो तो एक दात, एका खाचेच्या काठावर टेकलेला. काठ नखाच्या कडेएवढा. वर्षानुवर्षांच्या वापरानं तो झिजतो. साध्या बंदुकीतला खटका फक्त चापाची वाट बंद करतो. बंदूक आपटली आणि दात खाचेतून निसटला, तर चापाला कुणी हात न लावताही घोडा पडतो. भारी बंदुकांत निसटलेल्या घोड्याला झेलायला आणखी एक दात असतो. आमच्या दुनळीत तो नव्हता.

एका पावसाळ्यात ती आपटली. गडगा ओलांडायचा होता. चिऱ्यांवर शेवाळ. आबांनी नेहमीप्रमाणे आधी थांबून दोन्ही काडतुसं काढली, बंडीच्या खिशात टाकली, मग पाय वर ठेवला. पाय सरकला. उघडी बंदूक चिऱ्यावर पडली, दस्त्याची कड उडाली आणि नळ्यांची तोंडं वळली ती माझ्याकडे. त्यातून मला पलीकडचं गवत दिसत होतं. आबांनी आधी मला जवळ ओढलं. मग खिशातली काडतुसं चाचपली, एक, दोन. पुन्हा एक, दोन. त्यांचे हात थरथरत होते. दस्त्याची ती कड त्यांनी कधी दुरुस्त करून घेतली नाही.

पुढे मी ट्रॅप नेमबाजी शिकू लागले. ११० मिलिमीटरची केशरी तबकडी, पाच जागा, हाक दिली की एका निमिषाचा खेळ. आमच्या बंदुकांना आपोआप मागे येणारा खटका सहसा नसतो. आपली जागा, आपली पाळी आली की काडतूस भरायचं. एरवी बंदूक उघडी, सगळ्यांना दिसेल अशी. मला तिथे परकं वाटलंच नाही. २० बोअरची काडतुसं पिवळी का करतात तेही तिथेच कळलं. ते काडतूस १२ बोअरच्या नळीत चुकून गेलं तर आत सरकून अडकतं, मागची जागा रिकामी वाटते, आणि तिथे दुसरं भरून चाप ओढला की नळी फुटते. ऐकताना मला कुंभारणीचं घर आठवलं. दोन्ही वेळा नळीतला उजेडच अडलेला असतो.

आबा गेल्यावर बंदूक ठाण्यात जमा करायची होती. मी वडिलांबरोबर गेले. टेबलामागच्या हवालदारांनी विचारलं, "रिकामी आहे ना?" मी काही न बोलता कळ सरकवली, नळ्या खिडकीकडे धरल्या. त्यांनी वाकून डोळा लावला. बाहेरचा गुलमोहर फुलला होता. दोन्ही नळ्यांच्या टोकाला दोन लाल ठिपके. त्यांनी वहीत नोंद केली, बंदूक मिटली आणि आत ठेवायला शेजारच्या तरुण शिपायाच्या हातात दिली.

त्यानं ती घेतली, आणि दाराशी थांबून पुन्हा उघडली.