नऊ मिनिटांचे बोलणे

आमचे वडील तारवटी होते. बोटीवरून त्यांनी धाडलेले पत्र बार्देशातील आमच्या घरी पोहोचण्यास कधी महिना लागे, तर कधी दोन. पत्र हाती पडेपर्यंत ते कोणत्या समुद्रात गेले असतील हे आमच्या आईस ठाऊक नसे. त्या माउलीने अशी कित्येक वर्षे काढली. म्हणून २०२४ सालच्या सप्टेंबर महिन्यात आम्ही पतिपत्नी प्रथमच परदेशी निघालो, तेव्हा तिने एकच मागणे मागितले: "फोन तेवढा बंद ठेवू नकोस हां."

तिचे वय ८६. निघण्याच्या आठवड्यात तिला बारीक ताप येत होता. ती आमच्या धाकट्या बंधूंजवळ असते. "काहीही झाले तरी, कोणत्याही वेळी फोन कर," असे आम्हीच त्यांना बजावून ठेवले होते.

आमची थोरली कन्या नोकरीनिमित्त बार्सिलोना शहरी राहते. रोम पाहून तिच्याकडे जावयाचे होते. विमान सोडून आम्ही बोट निवडली. वडिलांनी जन्मभर पाहिलेला समुद्र एकदा तरी पाहावा, ही इच्छा. रोमपासून सुमारे ७० किलोमीटरांवरील चिविताव्हेक्किया बंदरातून रात्री बोट सुटली. पलीकडचा किनारा सुमारे वीस तासांवर. मोबाइल कंपनीचा परदेशी रोमिंगचा पॅक आम्ही निघण्यापूर्वीच घेतला होता व इटली आणि स्पेन ही दोन्ही नावे त्याच्या यादीत होती. तेव्हा चिंता कसली? फोन उशाशी ठेवून आम्ही निजलो.

रात्री दोनच्या सुमारास, म्हणजे गोव्यात पहाटे साडेपाचला, फोन वाजला. छातीत धस्स झाले. पण बातमी शुभ होती. आईचा ताप उतरला होता आणि पहाटेच जाग येऊन ती आमची चौकशी करीत होती. बंधूंनी फोन तिच्या कानाशी धरला. समुद्र शांत आहे का, पोटात ढवळते का, जेवण काय मिळाले, असे ती विचारीत राहिली. नऊ मिनिटे बोलणे झाले.

घरी परतल्यावर बिल आले. त्या एका बोटप्रवासाचेच २१,६४० रुपये! वाचकहो, खोटे का बोला, आमचा तोल सुटला. संध्याकाळी बंधू आले असता, घरात चार पाहुणे बसलेले असताना, आम्ही म्हणालो, "तुझ्या त्या नऊ मिनिटांनी आमचे दिवाळे काढले. ताप उतरला होता, तर सकाळपर्यंत थांबता येत नव्हते का?" ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एक पाकीट आणून त्यांनी मेजावर ठेवले. आत ५,००० रुपये होते. "दादा, बाकीचे नारळ पाडल्यावर देतो," एवढे बोलून ते पायऱ्या उतरून गेले. त्यानंतर त्यांचा फोन येणे बंद झाले.

शेजारचा एक तरुण बोटीवर नोकरीस असतो. तो सुट्टीवर आला होता. आम्ही ते बिल त्याच्यापुढे टाकले. त्याने ते ओळीओळीने वाचले आणि विचारले, "काका, फोन रात्रभर चालूच होता ना?" मग त्याने जे समजावून दिले ते असे:

बोट किनाऱ्यापासून दूर गेली की जमिनीवरच्या मनोऱ्यांचा सिग्नल तुटतो. तेव्हा पुष्कळ प्रवासी बोटी आपले स्वतःचे मोबाइल नेटवर्क सुरू करतात. बहुधा किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, गेल्यावर ते सुरू होते. बोटीवरील लहानसे यंत्र उपग्रहामार्फत जगाशी जोडलेले असते. आपला फोन त्यास साधा मनोराच समजतो व आपणास न विचारता त्यास जाऊन चिकटतो. ते नेटवर्क ना इटलीचे, ना स्पेनचे. म्हणून त्या देशांसाठी घेतलेला पॅक तेथे लागू पडत नाही, आणि दर तर फारच चढे. युरोपीय संघातील रहिवाशांना १५ जून २०१७ पासून संघातील इतर देशांतही घरच्याच दराने फोन वापरता येतो. पण बोटीवरच्या उपग्रही नेटवर्कास तीही सवलत नाही.

"आणि हे पाहा," असे म्हणून त्याने बिलावर बोट ठेवले. नऊ मिनिटांच्या बोलण्याचे १,६२० रुपये. उरलेले २०,०२० रुपये इंटरनेटचे! आम्ही तर त्या रात्री इंटरनेटास हातही लावला नव्हता. पण आम्ही झोपलो तरी फोन झोपला नव्हता. रोममध्ये काढलेली शेकडो छायाचित्रे तो एकामागून एक साठवणीस पाठवीत होता. दराची सूचना देणारा संदेशही त्यात येऊन पडलेला आढळला. तो आम्ही उघडलाच नव्हता.

चूक आमची, आणि शिक्षा भोगली भावाने.

त्याच संध्याकाळी ते पाकीट घेऊन आम्ही मूळ घरी गेलो. आईदेखत बंधूंची क्षमा मागितली. आईला दराचे गणित काही समजले नाही. ती एवढेच म्हणाली, "तुमच्या बापाचा आवाज मी बोटीवरून कधीच ऐकला नाही. तुझा ऐकला." बंधूंनी पाकीट घेतले, आणि आम्हास चहा घेतल्याशिवाय उठू दिले नाही.

आपल्यापैकी कोणी बोटीने निघणार असेल, तर बोट धक्का सोडण्यापूर्वीच फोन एअरप्लेन मोडवर टाकावा. बोटीवर वायफाय असेल तर एअरप्लेन मोड तसाच ठेवून, दर विचारून, ते घ्यावे. बोलण्यासाठी फोन चालू ठेवणे भागच असेल, तर निदान डेटा रोमिंग बंद करावे आणि मिनिटाचा दर कंपनीस आधी विचारावा. घरच्यांना सांगून ठेवावे की अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंत फोन लागणार नाही, काळजी करू नये.

आणि बिल आलेच, तर कोणास बोल लावण्यापूर्वी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे. आम्ही फक्त बेरीज वाचली होती.